साप दिसला, पण कोणता?

दिवाळीनंतर शाळांच्या सहलींचे दिवस सुरू होतात. परभणी जिल्हा म्हटला की डोळ्यांसमोर येते ती गोदावरीकाठची काळी, सपाट जमीन. पण जिल्ह्याच्या उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आले आहेत आणि दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूला बालाघाटचे डोंगर आहेत. जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी, येलदरीचे धरण, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ अशा ठिकाणी मुलांना घेऊन जाताना थोडी तरी पायवाट तुडवावी लागते. नेमक्या याच दिवसांत, सकाळची उन्हे वर आली की सापही अंग तापवण्यासाठी उघड्या खडकावर किंवा वाटेवर येऊन पडतो. त्याचे रक्त आपल्यासारखे सतत एकाच तापमानाला राहत नाही. थंड रात्रीनंतर त्याला उन्हाची गरज असते.

अशा वेळी कोणीतरी ओरडते, “साप!” मग काय होते, ते आपल्याला माहीत आहे. एक जण दगड उचलतो, दुसरा हात जोडतो, बाकीचे पळतात. “कोणता साप?” हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. खरे तर सर्पदंशाच्या शास्त्राचा गेल्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास आहे. तो प्रश्न जिथे विचारला गेला तिथे पाऊल पुढे पडले; जिथे विसरला गेला तिथे माणसेही मेली आणि सापही.

नाव न घेण्याची रीत

आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेऊ नये असे म्हणतात. म्हणून त्याला ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणायचे. साप चावला असे न म्हणता ‘पान लागलं’ म्हणायचे. या रीतीमागची भीती समजण्यासारखी आहे. पण या शब्दांची एक अडचण आहे. बिनविषारी धामण आणि जीवघेणी मण्यार, दोन्ही ‘लांबडं’च. अमक्याला पान लागले आणि मांत्रिकाने उतरवले, एवढेच गावात सांगितले जाते. ते पान दिवडाचे होते की नागाचे, हे कोणालाच ठाऊक नसते.

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या साठेक विषारी आहेत. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष टोचतोच असे नाही. कधीकधी दंश कोरडाच जातो. म्हणजे काहीही उपचार न करता पुष्कळ माणसे वाचणारच. मांत्रिकाचे यश या गणितात आहे.

याच भाषेत नाग, घोणस, मण्यार, फुरसे, धामण, नानेटी, कवड्या, मांडूळ अशी नेमकी नावेही आहेत. शेतात आणि रानात वावरणाऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. सापांचे शास्त्र सुरू झाले ते अशा स्थानिक नावांपासूनच.

कोरोमंडल किनाऱ्यावरचा डॉक्टर

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून मद्रास इलाख्यात काम करीत होता. कोणते साप खरोखर विषारी आहेत हे लोकांना ओळखता यावे, या हेतूने त्याने साप गोळा केले, त्यांचे दात तपासले आणि कोंबड्या व कुत्र्यांना दंश करवून परिणाम लिहून ठेवले. १७९६ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सापांच्या चित्रांबरोबर त्यांची स्थानिक नावेही आहेत. लोक ज्यांना भीत होते त्यांतले बहुतेक साप बिनविषारी निघाले. विषदंत मोजक्याच सापांना होते. आपण जिला घोणस म्हणतो तिच्या शास्त्रीय नावात आजही रसेलचे नाव आहे.

पुढचा मोठा टप्पा कलकत्त्याचा. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक जोसेफ फेरर यांनी १८७२ साली भारतातल्या विषारी सापांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यातली चित्रे कलकत्त्याच्या कलाशाळेतल्या भारतीय विद्यार्थ्यांनी काढली होती. सर्पदंशावरची म्हणून सांगितली जाणारी औषधे फेरर यांनी एकामागून एक तपासली, पण एकही खरे उतरले नाही. त्यांनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. सरकारी कचेऱ्यांतून त्यांनी मृत्यूंचे आकडे मागवले. १८६९ या एका वर्षाची बेरीज आली ११,४१६. त्यात सगळा देश नव्हता. परभणी तर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश प्रांतांच्या या बेरजेत आपल्या भागाचा एकही मृत्यू धरलेला नाही.

आठ दिवसांत लाखावर

एवढी माणसे मरतात म्हटल्यावर सरकारला सुचलेला उपाय सरळ होता: साप मारा, बक्षीस घ्या. या उपायाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच, रत्नागिरी जिल्ह्यात घडले. तिथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर फुरसे फार. १८६२ सालच्या डिसेंबरात बक्षिसाची रक्कम वाढवल्याबरोबर अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ साप मारले गेल्याची नोंद आहे. म्हणजे रोजचे साडेचौदा हजारांच्या घरात!

मग फुरसे संपले का? नाही. सहा वर्षांच्या हिशोबात वर्षाला सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारली गेल्याचा आकडा पुढे प्रसिद्ध झाला. इतके मारूनही दर वर्षी मारायला तितकेच उरत होते. फुरशाची मादी अंडी घालत नाही. एका वेळी अनेक जिवंत पिल्लांना जन्म देते. लपायला दगड आणि खायला बेडूक, सरडे, विंचू, किडे असले की त्याचे भागते. आपल्याकडे ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ असा वाक्प्रचार आहे. इथे साप खराच होता, पण धोपटणे तसेच वाया गेले.

या आकड्यांचा खरा उपयोग केला जी. डब्ल्यू. व्हिडाल या सनदी अधिकाऱ्याने. रत्नागिरीत नोकरी केलेला हा माणूस पक्षी आणि सापांचा अभ्यासक होता. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९० साली त्याने एक लेख लिहिला. त्या काळी सर्पदंशाचा मृत्यू म्हटला की तो नागाच्या नावावर जमा होत असे. व्हिडालने वेगळा प्रश्न विचारला: मुंबई इलाख्यातल्या कोणत्या जिल्ह्यांत सर्पदंशाने जास्त माणसे मरतात, आणि त्या जिल्ह्यांत कोणता साप जास्त आहे? नाग तर सगळीकडेच आहे. मृत्यू जास्त होते ते मात्र फुरसे मुबलक असलेल्या भागांत. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की इलाख्यातले पुष्कळसे मृत्यू या वीतभर सापाने होत असले पाहिजेत.

हा युक्तिवाद वर्गात जरूर मांडावा. तो अपुराही आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. लोकवस्ती, शेतीची पद्धत, नोंदीचा काटेकोरपणा यांचाही परिणाम होतो. मुलांना या त्रुटी शोधू द्याव्यात. तरीही एक गोष्ट खरी, की भीती बाजूला ठेवून ‘कोणता साप?’ असा प्रश्न इथे आकड्यांना विचारला गेला. मराठी मुलखातले ‘फुरसे’ हे नाव त्या काळच्या इंग्रजी लिखाणातही तसेच शिरले.

चाकू आणि जांभळे स्फटिक

१९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध आला. लेखक होते लेनर्ड रॉजर्स, लॉडर ब्रंटन आणि आपले जुने ओळखीचे फेरर. त्यांनी सुचवलेले साधन अगदी छोटे होते. लाकडी नळीच्या एका टोकाला लहानसे पाते, दुसऱ्या टोकाला पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिक. दंशाच्या वर आवळून बांधायचे, जखम चिरायची आणि त्यात स्फटिक चोळायचे. साधन स्वस्त होते, कोणालाही वापरता येण्याजोगे होते. आपण विहिरीत टाकतो तेच हे जांभळे औषध.

कल्पना वेडगळ नव्हती. परीक्षानळीत विषात परमँगनेट मिसळले तर ऑक्सिडीकरणाने विष खरोखर निकामी होते. पण शरीर म्हणजे परीक्षानळी नव्हे. विषदंत सुईसारखे काम करतात. विष कातडीखाली खोल जाते आणि तिथून पसरू लागते. वरून चोळलेले परमँगनेट त्याला गाठतच नाही, उलट वाटेतले निरोगी मांस जाळते. आणि चावलेला साप फुरसे किंवा घोणस असेल तर? त्यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी होते. अशा माणसाची जखम चिरणे म्हणजे न थांबणारा रक्तस्राव ओढवून घेणे. पुढच्या प्रयोगांत हा उपाय टिकला नाही. तरी ‘चिरा, चोखा, आवळून बांधा’ ही सूचना प्रथमोपचाराच्या पुस्तकांत पुढे अनेक दशके राहिली. आपल्यापैकी काहींनी ती शाळेत पाठही केली असेल. आज ती पूर्णपणे सोडून दिलेली आहे, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे.

परळचे काम

खरा उपाय वेगळ्या वाटेने आला. १८९४ साली पॅरिसमध्ये फिसालिक्स व बर्त्राँ यांनी, आणि त्याच सुमारास अल्बेर काल्मेत यांनी असे दाखवले की प्राण्याला विषाचे अगदी थोडे, हळूहळू वाढत जाणारे डोस दिले तर त्याच्या रक्तात विष निकामी करणारे घटक तयार होतात. ते रक्तजल दुसऱ्या प्राण्याला टोचले तर त्याचे संरक्षण होते. घोड्याच्या रक्तातून असे रक्तजल भरपूर मिळू लागले. काल्मेत यांनी नागाच्या विषावर ते बनवले आणि ते इतर सापांच्या विषावरही चालेल असा त्यांचा विश्वास होता.

या विश्वासाची परीक्षा मुंबईत झाली. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत तिथे जॉर्ज लॅम्ब यांनी भारतीय सापांच्या विषांवर काम केले. नागाविरुद्धचे रक्तजल घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरते, हे त्यांच्या कामातून दिसले. कारण उघड आहे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते: पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर काम करते: हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. कुलपे वेगळी, तर किल्ल्याही वेगळ्या लागणार. ‘कोणता साप?’ हा प्रश्न आता प्रयोगशाळेतही आला.

पण रोग्याला साप ओळखता आला नाही तर? अंधारात, गवतात, घाबरलेल्या अवस्थेत ते कसे शक्य आहे? यावर उत्तर निघाले ते असे: नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांची विषे घोड्यांना टोचून एकच औषध बनवायचे. १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळालेल्या परळच्या संस्थेने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे बहुगुणी प्रतिविष तयार केले. संस्थेतले सापांचे अभ्यासक पी. जे. देवरस यांनी १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय सापांवर पुस्तक लिहून हे ज्ञान सामान्य वाचकांपर्यंत नेले.

आज मिळणाऱ्या भारतीय प्रतिविषाचा १ मि.लि. नागाचे ०.६ मि.ग्रॅ., घोणशीचे ०.६ मि.ग्रॅ., मण्यारीचे ०.४५ मि.ग्रॅ. आणि फुरशाचे ०.४५ मि.ग्रॅ. विष निकामी करील, असे प्रमाण ठरलेले आहे. विषबाधा दिसली तर सुरुवातीलाच १० मि.लि.च्या ८ ते १० कुप्या देतात. शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट: लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा दिली जाते. सापाने टोचलेले विष मुलाच्या वजनाकडे पाहून कमी झालेले नसते.

या औषधाच्या मर्यादाही आहेत. त्यासाठी लागणारे बरेचसे विष तामिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. म्हणून दक्षिणेतल्या सापांच्या विषापासून बनलेले प्रतिविष देशाच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखेच प्रभावी नसते. रसेलपासूनचा प्रश्न आता आणखी बारीक झाला आहे: कोणता साप, आणि कुठला?

मोजणी पुन्हा एकदा

औषध असूनही माणसे का मरतात? याचे उत्तर पुन्हा मोजणीतून मिळाले. मृत्यू झालेल्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०११ साली आले. त्यानुसार २००५ साली भारतात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० मृत्यू झाले. रुग्णालयांकडून सरकारदरबारी पोचणाऱ्या आकड्याच्या हे तीसपटींहून जास्त होते. यांतले ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले, आणि पावसाळ्यात जास्त. दवाखान्यात झालेले मृत्यू केवळ २३ टक्के. म्हणजे बहुतेक माणसे औषधाच्या जवळ पोचलीच नाहीत. २०२० सालच्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंचा अंदाज १२ लाख आला. वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक १५ वर्षांखालची मुले होती.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे राज्यांना कळवण्यात आले. फेरर यांनी मागवलेली बेरीज दीडशे वर्षांनंतरही पुरी व्हायची आहे.

डोंगराच्या वाटेवर

या साऱ्या इतिहासातून सहलीला जाणाऱ्या शिक्षकाने काय घ्यावे?

पहिली गोष्ट, साप पाठलाग करीत नाही आणि डूखही धरत नाही. त्याला बाहेरचा कान नसतो. पावलांची कंपने त्याला जमिनीतून, जबड्याच्या हाडांमार्फत जाणवतात आणि बहुधा तो आधीच सरकतो. अपवाद फुरसे आणि घोणस यांचा. त्यांचा भर मातीच्या रंगात मिसळून निश्चल पडण्यावर असतो. फुरसे डिवचले गेले की वेटोळ्यांवर वेटोळी घासून खरखर आवाज करते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. हे आवाज म्हणजे इशारा आहे. थांबावे, मुलांना हळूहळू मागे घ्यावे आणि सापाला वाट द्यावी. दगड मारू नये, काठीने उचलू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये. विटाळीच्या दगडांखाली, कपारीत हात घालू नये. घोट्यापर्यंतचे बूट आणि अंधारात विजेरी, या दोन साध्या वस्तूंनी बरेचसे दंश टळतात, कारण दंश बहुधा पावलावरच होतो.

दंश झालाच, तर मुलाला खाली बसवून धीर द्यावा. अंगठी, कडे, पैंजण, बूट काढावेत, कारण सूज येते. हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतो तसा, फळीला किंवा काठीला सैलसर बांधून हलता ठेवू नये. चालवू नये, उचलून न्यावे. चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. वेळ लिहून ठेवावी. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. सहलीआधीच वाटेवरच्या कोणत्या आरोग्यकेंद्रात प्रतिविष आहे, हे विचारून घेणे सर्वांत चांगले.

सापाला मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. त्या खटपटीत दुसराही दंश होतो. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. त्यांची एक चाचणी तर शाळेच्या प्रयोगशाळेत शोभेल इतकी सोपी आहे. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत रोग्याचे २ मि.लि. रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका पक्की होते. ‘कोणता साप?’ याचे उत्तर तिथे रक्तच देते.

शाळेला आणखी एक काम करता येईल. गावात झालेल्या सर्पदंशांची एक वही ठेवावी. त्यात व्यक्तीचे नाव नको. महिना, वेळ, जागा, त्या वेळी माणूस काय करीत होता, आणि दंश झाल्यापासून किती वेळाने दवाखाना गाठला, एवढेच लिहावे. दोन-तीन वर्षांत मुलांना दिसू लागेल की आपल्या गावात दंश रात्री जमिनीवर झोपताना होतात, की कापूस वेचताना, की डोंगराकडे गुरे नेताना. आणि वेळ कुठे वाया जातो: मांत्रिकाच्या दारात, की वाहनाची वाट पाहण्यात. ही वही आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवावी. प्रतिविषाचा साठा कोणत्या महिन्यात जास्त ठेवायचा, हे ठरवायला ती त्यांच्या कामी येईल.